पाणी सगळ्यात कमी कधी असतं?

माझी बायको अंजू लोकांचं रक्त काढते. ही तक्रार नाही, तिची नोकरी आहे. ब्रिस्बेनजवळ, इप्सविचच्या बाजूला एका पॅथॉलॉजी सेंटरमध्ये ती भल्या सकाळपासून खुर्चीत बसलेल्या माणसांचे दंड बांधते, दोन बोटांनी शीर चाचपते आणि माणूस 'आई गं' म्हणेपर्यंत तिचं काम उरकलेलं असतं. ज्यांची शीर कुणाला सापडत नाही असे म्हातारे आणि केमो घेतलेल्या बायका तिची शिफ्ट कधी आहे ते विचारून येतात. घरी मात्र लिंबू कापताना ती हमखास बोट कापून घेते.

अंजूला काहीही विचारा, उत्तर एकच. कुठे जेवायला जाऊ या? कुठेही चालेल. भिंतींना कुठला रंग? कुठलाही चालेल. मी पुण्याचा. पाव कुठल्या दुकानातून आणावा याबद्दलही मला ठाम मत असतं, त्यामुळे आमचा संसार सुरळीत चालला. लोक म्हणायचे, काय समजूतदार बायको मिळाली आहे विनयला. मीही तसंच समजत होतो.

फेब्रुवारीत तिचे वडील गेले. सगळे त्यांना आबा म्हणायचे. तिच्या भावाचा, प्रणवचा, फोन तिला कामावर आला. तिने ऐकून घेतलं, 'बरं' म्हणाली आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. मला संध्याकाळी कळलं. ती पोळ्या लाटत होती. "आबा गेले सकाळी," म्हणाली आणि लाटलेली पोळी तव्यावर टाकली. मी गॅस बंद करायला हात पुढे केला, तर म्हणाली, "राहू दे, दोनच राहिल्यात."

मी तिकिटं बघतो म्हणालो.

"जाऊन काय करू? मी पोचेपर्यंत सगळं झालेलं असेल."

"तरी पण."

"नको. आणि विनय, इथे कुणाला सांगू नकोस. लोक भेटायला येतील."

तिचं म्हणणं मला समजलं. माझी आई गेली तेव्हा आम्ही त्यातून गेलो होतो. आम्ही राहतो त्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये आपली माणसं भरपूर, आणि माणसं चांगली. दारात चपलांची रांग लागते, ओट्यावर पिठलं-भाताचे डबे जमतात. आलेला माणूस सोफ्याच्या कडेवर बसतो, पाणी नको म्हणतो, जरा वेळ गप्प राहतो आणि मग हळूच विचारतो, "कशा गेल्या?" की आपण पहिल्यापासून सांगायचं. जितकी माणसं तितक्या वेळा. सातव्या-आठव्या वेळेला माझ्या लक्षात आलं की मी आईचं जाणं आता बऱ्यापैकी रंगवून सांगतोय. तेव्हापासून मला त्या प्रश्नाची भीती बसली आहे. म्हणून मी म्हटलं, ठीक आहे, चार दिवस जाऊ देत, मग सांगू.

चार दिवस गेले, चार आठवडे गेले. अंजू कामावर जात होती, डबे करत होती. एका वाढदिवसाला गेली. सुतक वगैरे मी मानत नाही, पण ती मानायची, माझ्या चुलत-चुलत माणसांचंसुद्धा मानायची. स्वतःच्या बापाचं मात्र तिने एक दिवसही पाळलं नाही. रडली नाही, चिडली नाही, जेवण सोडलं नाही. रात्री छान झोपायची. मला तिची काळजी वाटायची आणि खरं सांगायचं तर रागही यायचा. आबा मलाही प्रिय होते. घरात त्यांचं नाव काढावं तर समोरून इतक्या सपाट आवाजात 'हं' यायचं की पुढे बोलायला जागाच उरायची नाही.

त्यात समोरच्या घरात हेझल.

हेझल आणि मिंगेल दोघंही वसईचे. तो रेल्वेच्या प्रकल्पांवर इंजिनिअर, ती वृद्धाश्रमात नर्सिंग मॅनेजर. हेझलचे वडील ती लहान असतानाच गेले, म्हणून की काय, आबा आमच्याकडे राहायला आले होते तेव्हा तिने त्यांना सरळ वाटून घेतलं. आबांना आमच्या वस्तीतलं तळं दाखवायला तीच घेऊन गेली होती. आबांनी काठावर उभं राहून विचारलं, "हे धरण कशासाठी बांधलं?" हेझल म्हणाली, "धरण नाही आबा, शोभेला केलंय." "कुणाचं गाव नाही ना गेलं त्यात?" "नाही हो." "मग झकास आहे," आबा म्हणाले आणि बाकावर बसून तिने नेलेला केक त्यांनी सगळा संपवला. तेव्हापासून दर भेटीत निघताना हेझल म्हणणार, "अंजू, आबांना नमस्कार सांग हां." आबा गेल्यावरही म्हणत राहिली, आणि अंजू दर वेळी म्हणायची, "सांगते."

मी बाजूला उभा राहून गाडीच्या किल्ल्या शोधायचो.

आमचा मुलगा ओजस मेलबर्नला युनिव्हर्सिटीत आहे. त्याला आम्ही सांगितलं होतं, आणि हेझल आंटीजवळ बोलायचं नाही असंही सांगितलं होतं. "डॅड, दॅट्स रिअली वीअर्ड," तो म्हणाला. मी म्हटलं, बाबा रे, मला कळतंय.

आबांनी धरणाचं का विचारलं ते सांगायला हवं. त्यांचं गाव सातारा जिल्ह्यातल्या एका धरणात गेलं. ते तेव्हा तरणे होते. सरकारने डोंगराच्या पलीकडे प्लॉट आखून दिले, तिथे नवं गाव वसलं. अंजूचा जन्म नव्या गावातला. पण धरण उसासाठी पाणी सोडतं, आणि मे महिन्यात त्याचं पोट उघडं पडतं. मग जुन्या गावाची माणसं, पुण्या-मुंबईला गेलेलीसुद्धा, झाडून सगळी खाली उतरतात. देवळाच्या चौथऱ्यावर नारळ फुटतो, आणि मग जो तो आपापल्या घराच्या जोत्यावर जाऊन उभा राहतो. घर नसतंच, दगडी जोतं तेवढं असतं. त्यावर निरांजन लावायचं, डबा खायचा आणि उन्हं कलली की परत वर चढायचं. लग्नानंतरच्या पहिल्या मे महिन्यात मीही गेलो होतो. गुडघाभर गाळ. माझी एक चप्पल त्यात गेली ती गेलीच. आबा जोत्यावर उभे राहून हाताने दाखवत होते, ही ओसरी, ही चूल, इथे म्हैस बांधायचो, इथे आईने तुळस लावली होती. अंजू त्यांच्या पुढे पुढे करत सांगत होती, "आणि इथे रांजण." तिने ते घर जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण एक वीतही चुकली नाही.

या मे महिन्यात प्रणवचा फोन आला. "ताई, पाणी उतरलंय. जोतं वर आलंय. आबांचं पहिलं वर्ष आहे, तू ये."

"बघू पुढच्या वर्षी," अंजू म्हणाली.

त्याने जोत्याचा फोटो पाठवला. तिने पाहिला, फोन ओट्यावर पालथा ठेवला आणि कोथिंबीर निवडायला घेतली.

दरवर्षी आम्ही दोन कुटुंबं मिळून एक बोटिंगची ट्रिप करतो. ही मिंगेलची हौस. समुद्राकाठचा माणूस, पाण्यावर गेला नाही तर त्याला वर्ष वाया गेल्यासारखं वाटतं. जागा निवडायचा मान एक वर्ष त्यांचा, एक वर्ष आमचा, आणि आमचा म्हणजे अर्थात माझा. यंदा आमची पाळी होती. जुलैमध्ये एका रविवारी दोघं आमच्याकडे आली आणि मिंगेलने फोन टीव्हीला जोडून फोटो दाखवायला सुरुवात केली. जवळची वायव्हनहो आणि सॉमरसेट ही तळी, तिथे जाऊन जाऊन कंटाळा आला होता. व्हिक्टोरियातलं आयल्डन, हाऊसबोटीवर राहायचं, आत स्वयंपाकघर, गरम पाण्याचा टब. हेझलला ते मनापासून हवं होतं हे तिच्या तोंडावर दिसत होतं. मीही तेच म्हणणार होतो.

"आणि हे बघ, हे आपलं उगाच," मिंगेल म्हणाला. "लेक आर्गाइल. किम्बर्ली, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. ड्रीम आहे, मेट. आपण कुठे जातोय तिथे!"

लाल कडे, वर वाळकं गवत, आणि मधल्या घळींतून शिरलेलं निळंशार पाणी. वाळवंटाच्या मध्यावर कुणीतरी समुद्र विसरून गेल्यासारखं. अंजू चहाचा ट्रे घेऊन आली होती. ती ट्रे हातात धरून तशीच टीव्हीसमोर उभी राहिली.

"हे धरण आहे?"

"हो ना. ऑर्ड नदीवरचं. सत्तरच्या आसपास बांधलेलं."

"खाली काय होतं?"

मिंगेलने फोनवर वाचलं. "गुरांचं मोठं स्टेशन होतं, म्हणजे हजारो एकरांचं फार्म. जुनं दगडी घर वगैरे. सगळं पाण्याखाली."

"पाणी सगळ्यात कमी कधी असतं?"

"कमी?" मिंगेलने हेझलकडे पाहिलं. "पावसाच्या आधी असणार. ऑक्टोबर, नोव्हेंबर. पण तेव्हा कोण जातं तिकडे!"

"मग ऑक्टोबरच्या शेवटी जाऊ," अंजू म्हणाली. "हेच ठरवा."

तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि सगळ्यांना कप दिले.  वीस-बावीस वर्षांत अंजूने 'हेच' असं कशालाही म्हटल्याचं आमच्यापैकी कुणाला आठवत नव्हतं. मग हेझलने टाळी वाजवली. "बघा! अंजूला पण आवडतं काहीतरी! डन, डन, हेच करायचं." गरम पाण्याच्या टबावर तिने क्षणात पाणी सोडलं. मिंगेलचा तर ड्रीमच होता. ओजसला फोनवर सांगितलं, तर तो म्हणाला, "मम, ऑक्टोबर इज लिटरली द वर्स्ट टाइम. इट्स लाइक फॉर्टी डिग्रीज." एरवी मी या विषयावर अर्धा तास भाषण दिलं असतं. पण फेब्रुवारीपासून या बाईने आमटीत मीठ कमी आहे असंसुद्धा म्हटलं नव्हतं. आता तिने काहीतरी मागितलं होतं. मी मुकाट्याने फोन करून बुकिंग केलं. पलीकडची मुलगीही दोनदा म्हणाली, तुम्हाला पुढचा जून म्हणायचाय का?

निघायच्या आदल्या दिवशी अंजूची बॅग उघडी होती. कपड्यांच्या वर प्लास्टिकच्या पिशवीत गमबूट होते. नवे, काळे, गुडघ्यापर्यंतचे. हेझल सनस्क्रीन मागायला आली होती, तिने ते पाहिले आणि हसत सुटली. "काय गं, मगरी पायाला चावतील म्हणून? अगं, बोटीत बसायचंय, भाताच्या खाचरात नाही!" अंजूही थोडी हसली. हेझल गेल्यावर मी पिशवी उचलली, तर खाली रुमालात गुंडाळलेलं पितळी निरांजन होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ऑक्टोबर का, ते कळलं. अंजूच्या हिशोबात धरण म्हणजे उन्हाळ्यात जे गिळलं ते परत करणारी वस्तू. तिने जन्मभर तेच पाहिलं होतं. सगळीकडची धरणं तशीच वागणार. आपल्या गावी गेली असती तर अख्खं नवं गाव भेटायला आलं असतं, प्रत्येकाने विचारलं असतं. इथे कुणी येणार नव्हतं. कुणाच्या का घराचं जोतं असेना, त्यावर उभं राहून एक वात लावायची आणि परत यायचं. एवढं तिला हवं होतं.

त्या तळ्याचं पाणी खरंच तेवढं उतरतं का, हे मला फोनवर शोधता आलं असतं. मी शोधलं नाही. उत्तर मला नको होतं.

ब्रिस्बेनहून डार्विन, डार्विनहून कुनुनुरा. विमानाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं तर तंदूरचं झाकण उघडल्यासारखी हवा अंगावर आली. माश्या नाकातोंडात जात होत्या. मिंगेल बापडा दर दहा मिनिटांनी "ब्यूटिफुल आहे पण" म्हणत होता. हेझलने ओला टॉवेल डोक्यावर घेतला तो चार दिवस काढलाच नाही, पण तक्रारीचा एक शब्द तिने काढला नाही, कारण जागा अंजूने निवडली होती. आपली माणसं भिडेखातर काय काय सोसतात याची गणती नाही.

तळ्याकडे जाताना टेकडीवर एक दगडी घर लागलं. पाण्याखाली जाणारं स्टेशनचं घर दगड दगड सुटा करून, नंबर घालून वर आणलं होतं आणि पुन्हा रचलं होतं. आता म्युझियम होतं, आणि सीझन संपल्यामुळे बंद होतं. अंजू कुंपणापाशी उभी राहून पाटी वाचत होती. वाचून झाल्यावर म्हणाली, "यांनी सगळं घर आणलं. आम्ही चौकट तेवढी आणली."

"कसली चौकट?" हेझलने विचारलं.

"दाराची. नव्या घराला ती मोठी झाली. मग आबांनी वरून कापली."

हेझलने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ऊन फार आहे, चला गाडीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट. बोटीवर वर कापडाचं छत होतं आणि चालवायला ग्लेनिस नावाची बाई होती, साठीची, उन्हाने चामडं झालेली, अनवाणी. अंजूचे गमबूट पाहून तिने भुवया वर केल्या, पण म्हणाली, "नो वरीज, लव्ह, पाय तुझेच आहेत."

आता त्या जागेबद्दल सांगायचं तर मिंगेलचे फोटो खोटे नव्हते. दोन्ही बाजूंना कडे सरळ पाण्यात उतरलेले, कुठे विटकरी, कुठे जांभळे. घळीतून पुढे गेलं की पाणी एकदम रुंद व्हायचं, इतकं की पलीकडचा काठ दिसायचा नाही. खडकावर पहुडलेल्या लहान तोंडाच्या मगरी बोटीचा आवाज आला की कंटाळून पाण्यात सरकायच्या. मिंगेल फोटो काढत होता. मी अंजूकडे बघत होतो. ती दोन्ही हात मांडीवर ठेवून सरळ बसली होती, डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसतात तशी.

"ते जुनं घर कुठे होतं?" तिने ग्लेनिसला इंग्रजीत विचारलं. "टेकडीवरचं. आधी कुठे होतं?"

ग्लेनिसने लांब हात केला. "तिकडे, पार आत. काही दिसत नाही तिथे, डार्ल."

"न्याल?"

ग्लेनिसने खांदे उडवले आणि बोट वळवली. बराच वेळ गेलो. ऊन छतातून खाली टपकत होतं. मग तिने इंजिन बंद केलं. बोट हळूहळू थांबली, आणि एकदम कसलाच आवाज उरला नाही.

"इथेच कुठेतरी, आपल्या खाली," ग्लेनिस म्हणाली. "थोडं इकडे, थोडं तिकडे. आणि ते नुसतं एक घर. नदीच्या काठाने सगळीकडे इथल्या मूळच्या मिरिवुंग लोकांच्या जागा होत्या. त्यांच्या दगडांना कुणी नंबर घातले नाहीत."

अंजू कठड्यावरून वाकली. मीही वाकलो. निळं पाणी, खाली गडद निळं, त्याच्या खाली काळं.

"पाणी उतरल्यावर कधी वर येतं?"

"काय वर येतं?"

"घर. म्हणजे त्याचा पाया. पाणी कमी होतं तेव्हा."

ग्लेनिस हसली नाही, याबद्दल मी तिचा आभारी आहे. "हे कमीच आहे, लव्ह. पावसाच्या आधीचं. याहून फार काही उतरत नाही. मी इथे आले तेव्हापासून तरी कधी वर आलेलं नाही."

"नेव्हर?"

"नेव्हर."

आपलं धरण उसाला लागतं, गावांना लागतं, म्हणून ते रिकामं होतं. इथे पाणीच इतकं की ते संपवायला माणसं नाहीत. हे मी मनात जुळवत होतो. अंजू मागे टेकून बसली. तिच्या चेहऱ्यावर काही म्हणजे काहीही नव्हतं. आठ महिने हाच चेहरा मी बघत होतो. आता हा असाच राहणार, असं मला वाटलं, आणि मी खरोखर घाबरलो.

हेझलला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच दिसलं की अंजू हिरमुसली आहे. ती सरकून तिच्याजवळ बसली आणि टॉवेलच्या टोकाने तिला वारा घालायला लागली.

"जाऊ दे गं. किती लांब आलो, हे काय कमी आहे? ऐक ना, फोटो काढू या तुझा इथे. रेंज आली की आबांना पाठवू. त्यांना धरणांचं केवढं! विचारतील बघ, कुणाचं गाव गेलं म्हणून."

अंजूने तिच्याकडे पाहिलं.

"आबा नाहीत, हेझल," ती म्हणाली. "फेब्रुवारीत गेले."

हेझलचा हात टॉवेलसकट हवेत राहिला. मिंगेलने फोन खाली घेतला.

"कुठल्या फेब्रुवारीत?"

"या."

"म्हणजे मी ईस्टरला तुझ्याकडे आले तेव्हा..." हेझलचा आवाज चढला. "मी दर वेळी सांगत होते ना तुला! नमस्कार सांग, नमस्कार सांग! आणि तू सांगते म्हणायचीस! विनय, तू पण? तू तिथे उभा असायचास!"

मी मान खाली घातली. हेझल भडकली की तिच्या तोंडाला लागू नये, हे मिंगेलसुद्धा जाणून आहे. पण ती अंजूवर ओरडत असतानाच रडायला लागली, आणि रडतारडता तिने पायाजवळचा आइसबॉक्स पुढे ओढला, त्यातला डबा काढला, कागदी प्लेटमध्ये दहीभात वाढला आणि प्लेट अंजूच्या हातात कोंबली. "खा," म्हणाली. "आधी खा तू."

"मला काही होत नाही गं," अंजू म्हणाली. "खरंच सांगते. तेव्हापासून मला काहीच होत नाही. मी वाट बघते, पण काही होतच नाही."

"नको होऊ दे. खा."

अंजूने एक घास घेतला. ग्लेनिस चाकाजवळ पाठमोरी बसली होती. भाषा समजत नसली तरी काय झालं ते तिला कळलं होतं. मिंगेलने टोपी काढून मांडीवर ठेवली होती आणि त्याचे ओठ हलत होते. हेझलने नाक पुसलं आणि मग तिने ते विचारलं. आपल्याकडे तेच विचारतात, दुसरं विचारायचं तरी काय असतं?

"कसे गेले?"

अंजूचा घास हातातच राहिला. ती विचार करायला लागली. मी तिला इतका वेळ विचार करताना कधी पाहिलं नव्हतं.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मी प्रणवला विचारलंच नाही."

  तिला सगळं ठाऊक आहे आणि ती बोलत नाही, असं मी आठ महिने धरून चाललो होतो. तिला ठाऊकच नव्हतं. आपला बाप कसा गेला हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण तिने कुणाला सांगू दिलं नव्हतं.

ती माझ्याकडे वळली. "तुला माहितीये?"

"हो. मी प्रणवशी बोललो होतो."

"मग सांग."

मी सांगितलं. सकाळची वेळ होती. आबांची अंघोळ झाली होती. ओसरीत खुर्ची टाकून बसले होते. रुचाने, म्हणजे प्रणवच्या बायकोने, चहा आणून दिला. ते म्हणाले, दोन बिस्किटं दे. ती आत गेली आणि बशी घेऊन आली, तेवढ्यात. मान एका बाजूला कलली होती, बाकी काही नाही. कप त्यांनी खाली फरशीवर नीट ठेवला होता. सांडला नव्हता.

"चहा संपवला होता?"

"अर्धा होता."

"साखर कमी असणार," अंजू म्हणाली. "रुचा साखर कमी घालते."

हेझलने तिच्या पाठीवर हात ठेवला. अंजू रडली नाही. दहीभाताची प्लेट तिने शेजारी ठेवली, गमबुटांतले पाय जवळ ओढून घेतले आणि मला विचारलं, "आदल्या रात्री जेवले होते?"

"हो. भाकरी आणि मेथी."

"कुणी वाढलं?"

"रुचानेच असेल. ते मी विचारलं नाही."

"अंगात सदरा कुठला होता?"

"माहीत नाही अंजू."

"खुर्ची कुणीकडे तोंड करून होती?"

हे मला माहीत होतं. प्रणवने न विचारता सांगितलं होतं. खुर्ची अंगणाकडे नसायची, डोंगराकडे असायची, धरणाच्या बाजूला. मी तसं सांगितलं. तिने मान हलवली आणि पुढचं विचारलं. ग्लेनिसने मागे वळून मिंगेलला खुणेने विचारलं, निघायचं का? त्याने हाताने थांब म्हटलं. अंजू एकेक विचारत होती, मी एकेक सांगत होतो, आणि जे मला माहीत नव्हतं त्यावर ती म्हणत होती, "प्रणवला विचारते."